लॅमिंग्टन रोडवर माल भरताना: काय घ्यावं, कसं तपासावं, कुठे फसायला होतं

प्रश्न थोडक्यात असा: जुन्नरकडे घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. इंडक्शन, एलईडी टीव्ही, अडॅप्टर आणि अधूनमधून सीसीटीव्हीची कामं. सुटे भाग आजवर पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवले, आता मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन एकदम माल भरायचा आहे. खरंच स्वस्त पडतं का, भाव कसा करायचा आणि डुप्लिकेट कसं ओळखायचं?

स्वस्त पडतं, पण सरसकट नाही. सुटे पार्ट, कनेक्टर, केबल, एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा), मॉड्यूल, टूल्स यांत फरक चांगला पडतो, कारण इथून पुढे हाच माल राज्यभरातल्या दुकानांत जातो. ब्रँडेड लॅपटॉप, मॉनिटर, नवा टीव्ही यांत फारसं हाती लागत नाही. ऑनलाइन सेलमध्ये कधी कधी इथल्यापेक्षा कमी भाव मिळतो. आणि इथे मिळणारी प्रत्येक सूट कुठून तरी आलेली असते: बिल नाही म्हणून, वॉरंटी कंपनीची नाही म्हणून, माल खालच्या ग्रेडचा आहे म्हणून, किंवा तुम्ही खरोखरच जास्त नग घेताय म्हणून. यातली शेवटची सूट निर्धास्त घ्या. बाकीच्या तिन्हींत आपण कशावर पाणी सोडतोय ते आधी समजून घ्या.

आधी जायचं कसं. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, त्यामुळे बिलावर आणि नकाशात ‘डी. बी. मार्ग’ दिसलं तर गोंधळू नका. ऑपेरा हाऊसपासून मुंबई सेंट्रलच्या बाजूला जाणारा हा रस्ता. स्टेशन ग्रँट रोड, बाहेर पडायचं पूर्वेला. पुण्याच्या गाडीने आलात तर दादरला उतरून वेस्टर्नची लोकल धरा, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. मेट्रो ३ चंही ग्रँट रोड स्टेशन आता सुरू आहे. स्वतःची गाडी नेऊच नका. पार्किंग मिळत नाही आणि डबल पार्किंगला टोइंग ठरलेलं. रविवारी बाजार बंद. इतर दिवशी दुकानं साडेदहा-अकराला उघडतात, पण बोहनी होऊन माणसं स्थिरस्थावर व्हायला साडेअकरा वाजतात. साडेअकरा ते दीड हा वेळ सगळ्यात कामाचा. संध्याकाळी पाचनंतर ऑफिसवाल्यांची आणि कॉलेजच्या पोरांची गर्दी होते, तेव्हा काउंटरवर पार्ट तपासून द्यायला कुणाला सवड नसते.

मुख्य रस्त्यावर दिसतात ती बहुतेक कम्प्युटर, सीसीटीव्ही, स्पीकर, टूल्सची दुकानं. सुट्या पार्टचे होलसेलर बऱ्याचदा आडव्या गल्ल्यांत, प्रॉक्टर रोडकडे, आणि जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर असतात. खाली मिळालेला भाव हा सुरुवातीचा भाव समजा आणि जिना चढायचा कंटाळा करू नका. मोबाइलच्या अॅक्सेसरीज हव्या असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट बरं, आणि घरगुती वायरिंगची वायर, स्विच, एमसीबीसाठी लोहार चाळ. सगळं एकाच रस्त्यावर उरकायला गेलात तर त्या दोन गोष्टी महाग पडतील.

घरून निघताना यादी नीट करा, निम्मी फसवणूक तिथेच टळते. ‘हजार मायक्रोफॅरड कपॅसिटर’ असं लिहिलंत तर दुकानदार हाताशी असेल तो देईल. ‘१००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ डिग्री, लो ईएसआर, व्यास १० मिमी’ असं लिहा (ईएसआर म्हणजे कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स). आयसीचा नंबर शेवटच्या अक्षरासकट घ्या, कारण शेवटचं अक्षर बदललं की पॅकेज (बाहेरचा आकार) किंवा व्होल्टेज बदलतं. शक्य असेल तिथे जळका पार्ट पिशवीत न्या. टीव्हीच्या बॅकलाइटसाठी (स्क्रीनमागच्या एलईडीच्या पट्ट्या) तर जुनी पट्टी नेल्याशिवाय जाऊच नका: लांबी मिलिमीटरमध्ये, पट्टीवरचे एलईडी किती, एलईडी ३ व्होल्टचा की ६ व्होल्टचा, कनेक्टर कुठल्या टोकाला, हे चारही जुळावे लागतात. एकच पट्टी बदलू नका, पूर्ण सेट बदला. नाही तर स्क्रीनवर उजेडाचा डाग दिसतो आणि गिऱ्हाईक परत येतं. नवा सेट टाकल्यावर ड्रायव्हरचा (पट्ट्यांना वीज देणाऱ्या सर्किटचा) करंट वीस-तीस टक्के कमी करून दिला तर सेट बराच जास्त टिकतो.

तुमच्या कामाच्या स्वरूपावरून पहिली खरेदी साधारण अशी ठेवा. पाव वॉटचे रेझिस्टर, १० ओहमपासून १ मेगपर्यंतच्या नेहमीच्या व्हॅल्यू, प्रत्येकी १०० चं पाकीट. सुटे दहा-दहा घेण्यात अर्थ नाही, पाकिटाचा भाव जवळपास तितकाच पडतो. इंडक्शनच्या व्होल्टेज सेन्सिंगसाठी ३३० के आणि ४७० के हे १ वॉटमध्ये पंचवीस-पंचवीस. डायोडमध्ये ४००७, ५४०८, एफआर १०७, ५८२२ आणि १२, १५, १८ व्होल्टचे झेनर. पीसी ८१७ ऑप्टो, टीएल ४३१, व्हायपर १२ए, एसएस ८०५० आणि ८५५०, प्रत्येकी दहा ते पंचवीस. एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा) १०डी४७१, १२ अँपियरचे फ्यूज, २५ अँपियरचे ब्रिज, १०० के एनटीसी (तापमान ओळखणारा रेझिस्टर). कपॅसिटरमध्ये १०, २२, ६८ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट आणि खालच्या व्होल्टेजचे चार-पाच. कपॅसिटर मात्र वर्षभराचे भरून ठेवू नका. इलेक्ट्रोलिटिक पडून पडून खराब होतो, आणि दुकानदाराकडे तो आधीच किती पडून होता हे आपल्याला कळत नाही. बाहीवर १०५ डिग्री छापलेलं असलं तरी खात्री नाही. मोठ्या डब्यात लहान कपॅसिटर बसवलेला माल येतो. कंपनीचा त्याच मापाचा एक नग सोबत न्या आणि हातात दोन्हीचं वजन बघा. ईएसआर मीटर असेल तर दहातले दोन-तीन तिथेच लावून बघा, दुकानदार नाही म्हणत नाही.

आता ग्रेडचा विषय, कारण खरा गोंधळ इथे आहे. एकाच नंबरचा पार्ट या रस्त्यावर तीन-चार भावांना मिळतो. ‘ओरिजिनल’ म्हणजे कंपनीचा नवा. ‘चायना’ किंवा ‘कॉपी’ म्हणजे नंबर तोच, आत चिप वेगळीच. ‘पुल’ किंवा ‘रिमूव्ह’ म्हणजे भंगार बोर्डावरून काढलेला अस्सल पार्ट. दुकानदाराला सरळ विचारा, ‘ओरिजिनल का भाव बोलो, और कॉपी का अलग बोलो.’ असं विचारलं की बहुतेक जण खरं सांगतात, कारण दोन्ही माल त्यांच्याकडे असतो आणि परत येणारं गिऱ्हाईक त्यांनाही हवं असतं. फक्त ‘कितने का है’ असं विचारलं तर स्वस्तातला पुढे येतो. पुल पार्ट वाईटच असं समजू नका. दुर्मीळ ऑडिओ आयसी किंवा जुना ट्रान्झिस्टर असेल तर अस्सल पुल हा नव्या कॉपीपेक्षा कधीही बरा. फक्त तो पुलच्या भावात घ्या.

इंडक्शनच्या आयजीबीटीवर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा पॉवर ट्रान्झिस्टर) जरा थांबू, कारण तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त खप त्याचाच असणार आणि सगळ्यात जास्त फसगतही त्याच्यातच होते. समजा एच२०आर१२०३ घेताय. आधी पाय बघा: नव्या नगाचे पाय साधारण २० मिमी लांब, एकसारख्या चमकीचे असतात. पाय आखूड असतील, टोकाला शिशाचा थेंब दिसत असेल किंवा पत्र्याच्या भोकाभोवती स्क्रूचा गोल ओरखडा असेल तर तो पुल. मग छपाई बघा. कापसावर थोडं अॅसिटोन घेऊन नंबरावर घासा. लेझरने कोरलेला नंबर जात नाही, रंगवलेला पुसट होतो आणि खालून कधी कधी जुना नंबर डोकावतो. मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून गेट आणि एमिटर हे पाय दोन्ही दिशांनी ओपन दिसला पाहिजे. कलेक्टर-एमिटर एका दिशेने डायोड दाखवेल, कारण या नंबरमध्ये आत डायोड असतो, आणि दुसऱ्या दिशेने ओपन. यात पास झाला म्हणजे अस्सल असं नव्हे, फक्त शॉर्ट नाही एवढंच कळतं. कॉपीत आतली चिप लहान असते, ती मीटरवर छान दिसते आणि भांडं ठेवून फुल पॉवर दिली की उडते.

म्हणून एकदम पन्नास घेऊ नका. पाच घ्या, पाच संच करून द्या, पंधरा दिवस थांबा, मग त्याच दुकानातून त्याच लॉटचे मागवा. आणि आयजीबीटी उडाला की लगेच डुप्लिकेट म्हणून दुकानदाराच्या नावाने खडे फोडण्याआधी बोर्ड तपासा. नवा आयजीबीटी लावण्यापूर्वी १८ व्होल्ट आणि ५ व्होल्टची सप्लाय बघा. १८ च्या जागी १२-१३ आले तर गेटला पूर्ण ड्राइव्ह मिळत नाही, आयजीबीटी अर्धवट चालू राहून तापतो. रेझोनन्सचा (कॉइलसोबतचा) ०.२७ किंवा ०.३ मायक्रोफॅरड १२०० व्होल्टचा कपॅसिटर काढून मोजा. व्हॅल्यू उतरली असेल तर अस्सल आयजीबीटीही तग धरत नाही. गेटचा १० के रेझिस्टर, झेनर आणि ८०५०-८५५० ची जोडी पाहा. मग १००-२०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सप्लाय द्या. बल्ब भकन पेटून तसाच राहिला तर अजून शॉर्ट आहे, एक पार्ट वाचला. क्षणभर पेटून विझला तर पुढे जा.

सीसीटीव्हीच्या केबलमध्येही पैसे असेच जातात. कॅट ६ चा ३०५ मीटरचा बॉक्स दोन दुकानांत जवळजवळ निम्म्या भावाच्या फरकाने मिळाला, तर स्वस्तातला बहुतेक सीसीए असतो, म्हणजे अॅल्युमिनियमची तार आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. टोकाची वीतभर केबल कापून मागा, एक तार सोला आणि ब्लेडने जोर देऊन खरवडा. आतून तांबूसच राहिली तर तांबं, पांढरट रुपेरी झाली तर सीसीए. लोहचुंबकही न्या, चिकटली तर आत लोखंड आहे. लायटरची ज्योत धरली तर अॅल्युमिनियमची तार मऊ पडून वाकते, तांब्याची लाल होते पण सरळ राहते. बॉक्सचं वजनही सांगून जातं, सीसीएचा बॉक्स एका हाताने सहज उचलला जातो.

फरक कामात कसा पडतो? २४ गेजच्या अस्सल तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ८४ ओहम. ९० मीटर ओढलेल्या केबलच्या एका टोकाला निळी आणि निळी-पांढरी पिळून दुसऱ्या टोकाला मोजलं, तर पंधरा ओहमच्या आसपास यायला हवेत (मीटरच्या वायरींचे काही पॉइंट वजा करून). सीसीए असेल तर तेवीस-चोवीस येतात. डेटा तरी कसाबसा जातो, पण पीओई कॅमेरा (डेटाच्याच केबलमधून वीज घेणारा) रात्री आयआर, म्हणजे इन्फ्रारेड दिवे, लागली की रीबूट होत राहतो, आणि तुम्ही कॅमेरा बदलत बसता.

थ्री प्लस वन केबलचंही (व्हिडिओची एक आणि पॉवर-ऑडिओच्या तीन तारा असलेली सीसीटीव्हीची केबल) तेच. त्यातल्या पॉवरच्या तारा किती जाड आहेत ते बघा, वरच्या जाकिटाची जाडी नको. हिशेब सोपा आहे: १२ व्होल्टचा कॅमेरा रात्री अर्धा अँपियर घेतो आणि अंतर ४० मीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर तार. तांबं ०.५ चौरस मिमीचं असेल तर जवळपास १.४ व्होल्ट गळतात, कॅमेऱ्याला साडेदहा मिळतात, बहुतेक वेळा चालतं. ०.२ चौरस मिमीचं असेल तर साडेतीन व्होल्ट जातात आणि कॅमेऱ्यापाशी साडेआठच उरतात. दिवसा चित्र झकास, रात्री काळोख, अशी तक्रार आली की आधी कॅमेऱ्यापाशी, रात्रीच्या लोडवर, व्होल्टेज मोजा.

१२ व्होल्ट १० अँपियरचा एसएमपीएस म्हणून जे डबे मिळतात त्यातले हलके डबे १० अँपियर देत नाहीत, हे गृहीतच धरा. तपासायला गाडीचा हेडलाइटचा ६०/५५ वॉटचा बल्ब वापरा; त्याचं ५५ वॉटचं फिलामेंट १२ व्होल्टवर साडेचार अँपियरच्या आसपास घेतं, दोन लावले की नऊ. दोन्ही एकदम जोडू नका. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट खेचतं, त्याने चांगला एसएमपीएससुद्धा प्रोटेक्शनमध्ये जातो. एक पेटल्यावर दुसरा जोडा. अर्धा तास चालवून व्होल्टेज साडेअकराच्या खाली गेलं, किंवा ट्रान्सफॉर्मरचा जळका वास यायला लागला, तर तो चार कॅमेऱ्यांनाच वापरा. आठ कॅमेऱ्यांना रात्री चार अँपियरच लागतात, पण पावसाळी दमट डब्यात, पंखा नसताना, अर्ध्या लोडवर चालणाराच टिकतो.

डीव्हीआरची (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) हार्ड डिस्क घेताना सीलबंद पाकिटावर विसंबू नका. लॅपटॉपला यूएसबी-साटा जोडून क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. नव्यात शून्य किंवा एक-दोन तास. जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या डिस्कचे आकडे पुसून विकण्याचे प्रकार झाले आहेत. सीगेटच्या डिस्कमध्ये मात्र ‘फार्म’ नावाची वेगळी नोंद असते, ती स्मार्टमोनटूल्सने वाचता येते आणि तिथले तास सहसा पुसलेले नसतात. नंतर सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आणि कुठल्या देशासाठी आहे ते बघा. ‘इम्पोर्टेड’ माल म्हणजे बऱ्याचदा इथल्या सर्व्हिस सेंटरला न चालणारा माल. मग ‘दुकान की वॉरंटी’ मिळते आणि ती दुकान आणि दुकानदाराची मर्जी असेपर्यंतच. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड पूर्ण भरून तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला देऊ नका, एच२टेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. १८६५० सेलवर (गोल लांबट लिथियम सेल) ६००० किंवा ९९०० एमएएच लिहिलेलं असेल तर तो सेल हातातच घेऊ नका. चांगल्या कंपनीचा सेलही साधारण ३५०० पर्यंत असतो आणि वजन ४५ ग्रॅमच्या वर भरतं.

अडॅप्टर, पॉवर बँक, सेल यांवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कंपनी आणि वस्तू दिसते. अडॅप्टरवरचा नंबर टाकल्यावर स्पीकरची नोंदणी उघडली तर ठेवून द्या. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षा चाचणीचे नवे नियम लागू आहेत, त्यामुळे फार स्वस्तात निघालेला जुना स्टॉक सरकारी किंवा सोसायटीच्या कामाला लावू नका, तिथे कागद मागतात.

बिलाबद्दल. या मालावर बहुतेक ठिकाणी १८ टक्के जीएसटी. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं सांगितलं की कमी झालेला आकडा या १८ टक्क्यांशी ताडून बघा. तेवढाच असेल तर दुकानदाराने स्वतःच्या खिशातलं काहीच सोडलेलं नाही, आणि तुमची वॉरंटी गेली. तुमचा जीएसटी नंबर रेग्युलर असेल तर तो कर तसाही वळता होतो, म्हणजे बिनबिलाचा माल तुम्हाला स्वस्त पडतच नाही. कंपोझिशनमध्ये (जिथे कर वळता होत नाही) असाल किंवा नंबरच नसेल तर रेझिस्टर-डायोडवर भांडू नका, पण डिस्क, डीव्हीआर, कॅमेरा, एसएमपीएस, बॅटरी यांचं पक्कं बिल सिरियल नंबरसकट घ्या. कच्च्या चिठ्ठीवरचा शिक्का वॉरंटीला चालत नाही.

भाव करताना निम्म्यावर मागायची पद्धत पार्टच्या दुकानात चालत नाही. पैशा-रुपयांतला माल असतो, दुकानदार सरळ पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. यादी पूर्ण पुढे ठेवा, ‘रिपेअरिंगवाला हूँ, डीलर रेट लगाओ’ म्हणा आणि सगळ्याचा एकत्र भाव घ्या. मग तीच यादी दुसऱ्या एका दुकानात दाखवा. बारीक पार्टमध्ये फरक नगण्य असेल, दोन-चार महागड्या वस्तूंत असेल, तेवढ्याच तिथून उचला. टूल्स, टेस्टर, स्पीकर, अॅम्प्लिफायर यांत मात्र घासाघीस करायला जागा असते. रॅम आणि एसएसडीचा भाव रोज बदलतो. सकाळी फोनवर मिळालेला भाव दुपारी बदलला तर तो लबाडीच असेल असं नाही.

पैसे देण्याआधी काउंटरवरच नग मोजा आणि पाकिटावर पेनने नंबर लिहून घ्या. तीन तासांनी घरी उघडल्यावर बारीक आयसीची वीस पाकिटं एकसारखीच दिसतात, आणि सेमिकंडक्टर ‘नो रिटर्न’ असतो.

आणि फक्त पाच-दहा पार्ट लागत असतील तर मुंबईचा दिवस मोडू नका. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तुमचं नव्वद टक्के काम होतं, भाव थोडा जास्त पण भाडं आणि वेळ वाचतो. लॅमिंग्टन रोड पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहायचा तो दुकानं ठरवायला. पार्टचं एक, केबल-सीसीटीव्हीचं एक, टीव्हीच्या पट्ट्या-बोर्डांचं एक, अशी तीन दुकानं ठरली की पुढचा माल व्हॉट्सअॅपवर यादी आणि फोटो पाठवून, यूपीआय करून, ट्रान्सपोर्टने मागवा. राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, बिल मात्र पार्सलसोबत हवं. लिथियम सेल वेगळ्या पार्सलमध्ये आणि रस्त्यानेच मागवा, विमानाच्या कुरिअरमध्ये ते अडकून पडतात. पार्सल फोडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, बॉक्सवरच्या पावतीपासून शेवटच्या पाकिटापर्यंत, म्हणजे नग कमी निघाले तर फोनवर वाद होत नाही.